कॉर्बेटच्या खांद्यावरची हलकी रायफल

उल्हासनगर कॅम्प ४ मधून बाहेर पडून नेवाळीच्या दिशेने निघालं की समोर मलंगगड उभा राहतो. डोंगर दिसतो तसा डोंगरातला प्राणीही अधूनमधून दिसतो. मार्च २०१८ मध्ये उल्हासनगरच्या भर वस्तीत बिबट्या शिरला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला एका इमारतीत शिरला. आणि रानडुकरांचं तर काय सांगावं! बदलापूर, मुरबाडकडच्या शेतकऱ्याला ते वेगळं सांगायला नको. भात पोटरीत आला की रात्री जागरण ठरलेलंच.

अशा वेळी गावाकडच्या चार माणसांत एक प्रश्न हमखास निघतो. एकच बंदूक घ्यायची, डुकराला चालेल आणि वेळ पडली तर बिबट्यालाही चालेल अशी, तर ती कुठल्या बोअरची घ्यावी? आणि उत्तरही ठरलेलं असतं. जेवढी नळी मोठी तेवढी बंदूक भारी.

आधीच सांगून टाकतो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद आहे. शेतात येणाऱ्या डुकरालाही वन खात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, बिबट्याची तर गोष्टच सोडा. तेव्हा हा काही बंदूक खरेदीचा सल्ला नव्हे. पण या प्रश्नाचं उत्तर एका माणसाने कुमाऊंच्या डोंगरात तीसेक वर्षं, स्वतःचा जीव पणाला लावून शोधलं होतं. त्याची पुस्तकं मराठीतही आली, घरोघरी वाचली गेली. नाव आपल्या ओळखीचं आहे, जिम कॉर्बेट. नरभक्षक वाघांचा कर्दनकाळ म्हणून आपण त्यांना ओळखतो. आज त्यांच्याकडे जरा त्यांच्या बंदुकांच्या बाजूने पाहू.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथले पोस्टमास्तर. घरात भावंडं भरपूर. जिम सहाएक वर्षांचा असतानाच वडील वारले आणि सगळा भार आईवर पडला. उन्हाळ्यात नैनिताल आणि थंडीत खाली तराईतल्या कालाढुंगीला, असा कुटुंबाचा क्रम होता. कालाढुंगीचं घर जंगलाला लागूनच. पोर दिवसभर रानात हिंडायचं. पक्ष्यांचे आवाज, हरणांच्या धोक्याच्या हाका, मातीतले पंजे, हेच त्याचं पहिलं पुस्तक.

पहिली बंदूक मिळाली ती अगदी मोडकी. ठासणीची दुनळी, पण उजवी नळी फुटलेली. दस्ता आणि नळ्या एकमेकींना पितळी तारेने करकचून बांधलेल्या. म्हणजे नावाला दोन नळ्या आणि कामाला एकच. ठासणीच्या बंदुकीत एकदा बार उडाला की पुन्हा दारू भरा, ठासा, छर्रे घाला, तोवर सावज पसार. त्यामुळे पोराला सवयच लागली, जवळ जायचं, खात्री करायची आणि मगच चाप ओढायचा. एका नळीच्या बंदुकीने जे शिकवलं ते पुढे कुठल्याही महागड्या रायफलीने शिकवलं नसतं, असं मला वाटतं.

मग शाळेत कॅडेट म्हणून नेमबाजी शिकताना त्याच्या हाती आली .४५० बोअरची मार्टिनी रायफल. इथे बोअर म्हणजे काय ते सांगतो, कारण पुष्कळांचा यात घोळ होतो. .४५० म्हणजे नळीचं भोक इंचाच्या शंभरातल्या पंचेचाळीस भागांएवढं, जवळजवळ अर्धा इंच. गोळी तेवढीच जाड, शिशाची, वजनदार. काळी दारू वापरत, म्हणून बार काढला की धुराचा लोट आणि खांद्याला खेचराने लाथ मारावी तसा धक्का. दहा-अकरा वर्षांच्या पोराला तो कसा सोसत असेल कोण जाणे! पण तिथल्या सार्जंट मेजरने पोराची हौस पाहून रायफल वापरायला दिली. काडतुसं फुकट. अट दोनच, रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकाम्या पुंगळ्या परत आणून द्यायच्या. पितळेचं मोल अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरी केलेल्या वाचकांना सांगायला नको. पुंगळी मोजून परत करायची म्हटल्यावर पोरगं उगाच बार कशाला काढील? याच रायफलीने त्याने पहिला बिबट्या मारला. पहिल्या गोळीत तो जखमी होऊन निसटला. रक्ताचा माग काढत पोरगं एकटं मागे गेलं आणि दुसऱ्या गोळीने काम पुरं केलं. जखमी जनावर तसंच सोडून घरी यायचं नाही, हा नियम तेव्हापासूनचा.

शिक्षण फार झालं नाही. अठराव्या वर्षाच्या आसपास रेल्वेत लागले. आधी इंजिनांना लागणाऱ्या लाकडाच्या कामावर, मग बिहारात गंगेकाठी मोकामा घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचा ठेका. वीसेक वर्षं तिथे काढली. मजुरांबरोबर स्वतः कोळसा उपसला. शिकार हा त्यांचा धंदा कधीच नव्हता, हे लक्षात ठेवा. रजा काढून वाघामागे जाणारा हा माणूस.

आता १९०७ सालाकडे येऊ. चंपावतची वाघीण. आधी नेपाळात आणि मग कुमाऊंत मिळून तिने ४३६ माणसं मारली होती. गावंच्या गावं दारं लावून बसलेली, शेतं ओस पडलेली. सरकारने कॉर्बेटना विचारलं. त्यांनी दोन अटी घातल्या. वाघिणीवरचं बक्षीस रद्द करा आणि रानात फिरणारे बाकीचे शिकारी परत बोलवा. बक्षिसासाठी मारणारा म्हणवून घ्यायचं नव्हतं, आणि कुणाच्या तरी चुकून सुटलेल्या गोळीने मरायचंही नव्हतं.

त्या वेळी हातात .५०० बोअरची दुनळी होती. गावकऱ्यांना घेऊन मोठा हाका केला. कॉर्बेटनी खिशात फक्त तीन काडतुसं ठेवली होती. पहिला बार लांबून पळत्या वाघिणीवर फुकट गेला. ती परत फिरून समोर आली तेव्हा उरलेले दोन लागले, पण ती पडेना. काडतुसं संपली. समोर जखमी वाघीण आणि हातात रिकामी रायफल! मग पळत जाऊन बरोबरच्या तहसीलदारांची जुनाट बंदूक घेतली आणि तिने शेवटचा बार काढला. तो लागला पंजाला. वाघीण मेली ती आधीच्या दोन गोळ्यांनीच, पण थोड्या वेळाने. अर्धा इंच जाडीची गोळीसुद्धा जनावर जागेवर पाडतेच असं नाही, हे त्या दिवशी कळलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वाघीण तपासली तेव्हा तिचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे तुटलेले निघाले. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. जुन्या गोळीची जखम. म्हणजे कधीतरी कुणीतरी तिच्यावर बार काढला, तो नीट लागला नाही आणि त्या माणसाने मागे वळून पाहिलं नाही. नेहमीचं भक्ष्य धरता येईना म्हणून ती माणसाकडे वळली. आता तुम्हीच हिशेब करा, एका फसलेल्या गोळीची किंमत ४३६ माणसं. गोळी मारणाऱ्याचं नाव कुठेच नाही. पुढे १९३८ मध्ये ठाकची वाघीण मारली तिच्या अंगावरही बंदुकीच्या दोन जुन्या जखमा होत्या, त्यातली एक सडलेली. रुद्रप्रयागच्या बिबट्यावर १९२१ मध्ये पुलावरून दोन साहेबांनी बार काढले, ते पायाला चाटून गेले. तो आधीपासूनच नरभक्षक होता हे खरं, पण ती गोळी जागी लागली असती तर पुढची पाच वर्षं केदार-बद्रीच्या वाटेवरची माणसं वाचली असती.

म्हणून कुठला बोअर, हा प्रश्न कॉर्बेटसारख्या माणसाला हौसेचा नव्हता.

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना एक रायफल भेट दिली. लंडनच्या रिग्बी कंपनीची, .२७५ बोअर. दस्त्यावर चांदीची पट्टी. अनुभव झाला होता .५०० च्या अपुरेपणाचा आणि भेट मिळाली त्याच्या जवळजवळ निम्म्या बोअरची! ज्याला जेवढी मोठी तेवढी भारी असं वाटतं त्याने ती भिंतीवर टांगून ठेवली असती.

पण ही .२७५ म्हणजे काय होती? जर्मनीत माउझर कंपनीने १८९२-९३ च्या सुमारास तयार केलेलं सात मिलिमीटरचं काडतूस. स्पेनच्या फौजेने ते घेतलं, दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी याच काडतुसाने इंग्रजांना जेरीस आणलं. इंग्रज दुकानदारांनी मिलिमीटरचे इंच केले आणि .२७५ नाव दिलं. तोवर काळी दारू जाऊन बिनधुराची दारू आली होती. तिचा जोर जास्त, त्यामुळे गोळी बारीक आणि लांबट करून ती फार वेगाने सोडता येऊ लागली. नऊ-दहा ग्रॅमची गोळी, पण सरळ जाते, खोल शिरते. धक्का कमी, म्हणून नेमबाज बार काढताना डोळे मिटत नाही, खांदा चोरत नाही. रायफलचं वजन साडेतीन किलोच्या आसपास, पोटात पाच गोळ्या. दिवसभर डोंगर चढायचा असेल तर हे वजन फार महत्त्वाचं. विळा हलका असावा की जड, हे कापणी करणाऱ्याला विचारा, दुकानदाराला नको.

याच सुमाराची एक सरकारी भानगडही सांगण्यासारखी आहे. फौजेची काडतुसं बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानात .३०३ आणि .४५० बोअर खाजगी माणसाला बंद केले. बंदुकांच्या कंपन्या हुशार. त्यांनी .४६५, .४७० असे शेजारचे बोअर काढले. आकड्यांचं हे जंगल निम्मं शिकारीमुळे आणि निम्मं बंदीमुळे वाढलं. स्वतंत्र भारतातही तोच धागा चालू राहिला. फौजेची .३०३ सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, म्हणून सरकारी कारखान्याची .३१५ आली. गावाकडे परवान्याची रायफल पाहिलीत तर बहुतेक वेळा तीच दिसेल. जंगलाचा विचार करून ती निवडली असं कुणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका.

आता ११ एप्रिल १९३० चा दिवस पाहू. चौगढची वाघीण, ६४ माणसांची मारेकरी. कॉर्बेट दोन माणसांना घेऊन एका ओढ्याच्या पात्रातून उतरत होते. वाटेत एका रातव्याच्या घरट्यात दोन अंडी दिसली. पक्ष्यांच्या अंड्यांचा त्यांना नाद. ती शेवाळात ठेवून डाव्या हातात घेतली. उजव्या हातात .२७५. एका मोठ्या खडकाला वळसा घालून पुढे आले आणि सहज उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं, तर वाघीण! आठ फुटांवर, पुढचे पंजे पसरून, त्यांच्याच तोंडाकडे बघत. झटकन वळले असते तर तिने उडी घेतली असती. त्यांनी एका हातानेच रायफल छातीवरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. नळीला जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरायचं होतं. हात ताणत गेला, दुखायला लागला, वाघिणीने नजर हलवली नाही. नळी तिच्या अंगावर आली आणि चाप ओढला. वाघिणीचं डोकं सावकाश पंजांवर टेकलं.

पुढे त्यांनी स्वतःच याचा हिशेब मांडला. आपण वाचलो त्याला तीन गोष्टी कारण. हातातली अंडी, कारण ती नसती तर घाईने दोन्ही हातांनी वळलो असतो. वाघीण नरभक्षक होती, म्हणून ती पळाली नाही. आणि तिसरी, रायफल हलकी होती. पाच किलोची दुनळी एका हाताने अशी फिरवता आलीच नसती. अंडी मात्र त्यांनी परत नेऊन घरट्यात ठेवली.

मग काय, .२७५ हीच सर्वगुणसंपन्न रायफल? तसंही नाही बरं का! कॉर्बेटकडे दुसरीही होती, जेफरी कंपनीची दुनळी, .४५०/४००. नाव विचित्र वाटेल. पुंगळी .४५० ची, पण तोंडाशी आवळून त्यात .४०० ची गोळी बसवलेली. गोळीचं वजन .२७५ च्या जवळजवळ तिप्पट. ३० नोव्हेंबर १९३८ ला ठाकच्या वाघिणीसमोर त्यांनी हीच हातात घेतली होती. वय ६३. त्या मोसमानंतर नरभक्षकामागे जायचं नाही असं ठरवलेलं. शेवटच्या संध्याकाळी, अंधार पडता पडता, नराचा आवाज काढून त्यांनी वाघिणीला बोलावलं. ती साद देत देत सरळ अंगावर चालून आली. उजेड एकाच गोळीपुरता, अंतर हातभर, चुकायला जागा नाही. अशा वेळी जड गोळीच हवी. बार काढला आणि धक्क्याने ते बसल्या खडकावरून मागे फेकले गेले, खाली दबा धरून बसलेल्या माणसांच्या अंगावर पडले! वाघीण मात्र जागीच संपली होती.

पाहा म्हणजे. हिंडायला हलकी आणि ठरलेल्या ठिकाणी बसायला जड. एकाच रायफलीत दोन्ही नाही मावत. पण माणूस वाघापुढे अचानक उभा राहतो तो बहुधा हिंडतानाच. म्हणून एकच ठेवायची झाली तर तोल हलकीकडे झुकतो, असं मी तरी समजतो.

त्याच काळात आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने याच सात मिलिमीटरच्या काडतुसाने शेकड्यांनी हत्ती मारले. हस्तिदंतासाठी मारले, त्याचं कौतुक आज करवत नाही. पण ते साधलं कसं ते पाहण्यासारखं आहे. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो याचा त्याने कवट्या कापून अभ्यास केला होता. जागा माहीत असली तर बारीक गोळी पुरते. जागा माहीत नसणाऱ्याने त्याचं अनुकरण केलं तर जखमी हत्ती मोकाट सुटणार, आणि मग भोगायचं आसपासच्या गावकऱ्यांनी.

कॉर्बेटच्या बाकीच्या आयुष्याकडे धावतं पाहू. पहिल्या महायुद्धात ५०० कुमाऊंनी माणसं घेऊन ते फ्रान्सला गेले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, सत्तरीला टेकलेले असताना लेफ्टनंट कर्नल होऊन छिंदवाड्याला आले, आपल्या नागपूरच्या उत्तरेला. ब्रह्मदेशात लढायला जाणाऱ्या जवानांना जंगलात कसं वावरावं ते शिकवायला. त्याच युद्धात आपल्या इथे कल्याण कॅम्प फौजेने गजबजलेला होता, ज्याचं पुढे उल्हासनगर झालं. मलेरियाने गाठलं म्हणून कॉर्बेटना ते काम सोडावं लागलं. त्याच साली मुंबईत, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचं कुमाऊंच्या नरभक्षकांवरचं पुस्तक छापलं आणि ते जगभर गेलं. पहिल्या आवृत्तीचं मानधन त्यांनी युद्धात आंधळ्या झालेल्या हिंदी जवानांसाठी देऊन टाकलं.

तोवर त्यांच्या हातात रायफलीपेक्षा कॅमेरा जास्त दिसू लागला होता. वाघ संपत चाललाय हे त्यांना फार आधी कळलं. हौसेसाठी त्यांनीही वाघ मारले होते, हे लपवायचं कारण नाही. पवळगढचा प्रचंड वाघ काही नरभक्षक नव्हता. १९३६ मध्ये कुमाऊंच्या पायथ्याशी देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागे त्यांचा हात होता. आज ते त्यांच्याच नावाने आहे, आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तोही तिथूनच. १९४७ च्या अखेरीस बहीण मॅगीसह ते केनियाला गेले. न्येरी गावी १९ एप्रिल १९५५ रोजी त्यांचं निधन झालं.

ती .२७५ रायफल पुढे त्यांच्या प्रकाशकांकडे गेली. २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने ती विकत घेतली आणि २०१६ मध्ये काही दिवसांसाठी कुमाऊंत आणली.

शेतकरी वाचकांनी मात्र कॉर्बेटची आणखी एक गोष्ट ऐकायला हवी. कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी नावाचं ओसाड पडलेलं गाव त्यांनी विकत घेऊन वसवलं होतं. कुळं आणून बसवली. तिथेही तोच त्रास, डुकरं आणि हरणं रात्री पिकं साफ करत. आता गावचा मालक म्हणजे हिंदुस्थानातला नामांकित नेमबाज, घरात एकाहून एक रायफली. त्याने काय करावं? एका कुळाला पिकाच्या राखणीसाठी एक साधी बंदूक दिली, आणि शेतांभोवती स्वतःच्या पैशाने पुरुषभर उंचीची दगडी भिंत बांधायला घेतली. काही किलोमीटरची ती भिंत पुरी व्हायला कित्येक वर्षं लागली. कालाढुंगीचं घर आता संग्रहालय आहे. तिथून छोटी हल्द्वानीत पायी फिरता येतं, आणि त्या भिंतीचा बराच भाग अजून उभा आहे.